भिंतीवर कोरलेली साथ

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चचा इतिहास चाळला, की बिशप, जमीनदार आणि देणगीदार यांचीच नावं पुढे येतात. हर्टफर्डशायर परगण्यातलं ॲशवेल गावचं सेंट मेरी चर्च मात्र माझ्या मनात राहिलंय ते एका निनावी माणसामुळे.

गाव लहान, पण चर्चचा मनोरा १७६ फूट उंच. चौदाव्या शतकातलं हे बांधकाम क्लंच नावाच्या, खडूसारख्या मऊ दगडाचं आहे. नुसत्या खिळ्यानंही त्यावर अक्षर उमटतं. त्यामुळे भिंती म्हणजे गावाची पाटीच झाली! दारूनं शहाणपण कसं बुडतं, ते कुणी लिहिलंय. कोपरे नीट जुळलेले नाहीत, मी यावर थुंकतो, असं दुसऱ्या एकानं कोरलंय. हा बहुधा गवंडीच असावा.

मनोऱ्याच्या आत उत्तरेकडच्या भिंतीवर जो लॅटिन मजकूर आहे, तो वाचताना मात्र हसू मावळतं. १३४८च्या उन्हाळ्यात प्लेग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला आणि दोनेक वर्षांत देशातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. आपल्याकडच्या शिलालेखांत शक शब्दांत गुंफतात, तसंच इथं साल दिलंय: हजार, तीनदा शंभर, पाचदा दहा. म्हणजे १३५०. पुढचा आशय असा, की हा काळ दीनवाणा, क्रूर, उग्र. आणि साक्षीला उरलेत ते लोकांमधले सगळ्यात टाकाऊ.

लिहिणाराही उरलेल्यांतलाच. पण जगल्याचा आनंद नाही, की देवाचे आभार नाहीत. चांगली गेली आणि आपण राहिलो, ही बोच आहे. लॅटिन येत होतं, म्हणजे बहुधा धर्मगुरू किंवा त्याच्या हाताखालचा कुणी. मरणाऱ्याच्या उशाशी बसणं हे धर्मगुरूंचं कामच, त्यामुळे तेही या साथीत मोठ्या संख्येनं दगावले.

१३६१ साली साथ पुन्हा आली. मजकुराच्या शेवटी त्याच सालची, सेंट मॉरच्या दिवशी घोंघावलेल्या वादळाची नोंद आहे. आपल्या हिशेबानं ती तारीख १५ जानेवारी १३६२. कारण तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. याच वादळात नॉर्विचच्या कॅथेड्रलचा कळस कोसळला.

ॲशवेलचं काम मात्र थांबलं नाही. चर्चचा वेदीकडचा भाग पुरा झाला तो या दोन्ही साथींनंतर, त्या ‘टाकाऊ’ माणसांच्या हातून.