गणेशखिंडीचे गव्हर्नमेंट हाउस: लाटसाहेबांच्या निवासापासून सावित्रीबाईंच्या नावापर्यंत

१/७ पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ती विद्यापीठासाठी बांधलेली नव्हती. ते होते मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान. #थ्रेड

२/७ स्थळही साधे नव्हे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखालील मराठी फौज याच परिसरात इंग्रजांशी लढली. खडकीच्या या लढाईनंतर काही दिवसांतच पुणे इंग्रजांच्या हाती गेले.

३/७ १८६४ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत बांधकाम सुरू झाले. वास्तुविशारद होते जेम्स ट्रबशॉ. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये ही तेजी कोसळली, तरी काम थांबले नाही. वाढत्या खर्चावर टीका झाली आणि १८७१ मध्ये वास्तू पूर्ण झाली.

४/७ व्हिक्टोरियन म्हटले की मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाची गॉथिक शैली आठवते. ही वास्तू मात्र इटालियन ग्रामीण प्रासादाच्या धर्तीची आहे: दगडी भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी, प्रशस्त व्हरांडे आणि एका बाजूस उंच चौकोनी मनोरा. वाइट बेटावरील व्हिक्टोरिया राणीचे ऑस्बर्न हाउस याच शैलीचे. इथे व्हरांड्यांनी मात्र पुण्याच्या पावसाचीही सोय केली.

५/७ २२ जून १८९७. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त येथे समारंभ झाला. तो आटोपून परतताना प्लेग समितीचा प्रमुख रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ गतप्राण झाला; रँड ३ जुलैला मरण पावला.

६/७ त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. समारंभाच्या अवघे साडेतीन महिने आधी.

७/७ स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये येथे पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. ज्या प्रासादात १८९७ साली राणीचा उत्सव साजरा झाला, त्याच्या प्रवेशद्वारी आज त्याच वर्षी प्लेगने गेलेल्या शिक्षिकेचे नाव आहे. पुढच्या वेळी तो मनोरा दिसला, तर एवढे जरूर आठवावे.