निवारा आणि निर्मिति

पांझरेच्या एका तीरावर धुळें शहर आणि दुसऱ्या तीरावर देवपूर. या परिसरानें मराठी वाङ्मयास जें दिलें, त्याचा विचार करतांना एक प्रश्न सहज पुढें येतो : लेखकास लिहितें करण्यासाठीं समाजानें त्यास काय द्यावें?

चार महिन्यांचें अन्न, निवांत खोली आणि समानधर्मी मंडळींचा सहवास, एवढें द्यावें, असें अमेरिकेंतील संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल व त्यांच्या पत्नी मॅरियन यांस वाटलें. आणि १९०७ सालीं त्यांच्या शेतावर कलावंतांचें वसतिस्थान उभें राहिलें. त्यानंतर नऊच वर्षांनीं, १९१६ सालीं, श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यानें धुळ्याजवळच्या अमळनेरास तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झालें. दूरदूरच्या प्रांतांतील अभ्यासक तेथें येऊन राहिले. अध्ययन करावें, वाद करावा, लिहावें, हाच त्यांचा व्यवसाय. मलकानी, रासविहारी दास व मूर्ति या तिघांनीं मिळून लिहिलेला ‘अज्ञान’ हा इंग्रजी ग्रंथ १९३३ सालीं प्रसिद्ध झाला, तो या सहवासाचेंच फळ होय.

पांडुरंग सदाशिव साने हेही याच मंदिरांत अध्ययनासाठीं आले आणि १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते. पुढें सत्याग्रहामुळें त्यांस कारावास घडला. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं. साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, म्हणूनच ‘गीता प्रवचनें’ हा ग्रंथ आज आपल्या हातीं आहे. बोलणारा, ऐकणारे आणि लिहून घेणारा एका छताखालीं आले नसते, तर ते शब्द वाऱ्यावर विरले असते. पुढच्याच वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिली.

यावरून तुरुंगाची थोरवी गाणें मात्र अविचाराचें ठरेल. बेडीनें ग्रंथ होत नाहीं. सक्तीनें लाभलेल्या त्या अवकाशांत सोबत होती, ऐकणारे कान होते, म्हणून ग्रंथ झाले. तोच अवकाश अमळनेरानें प्रेमानें व मोकळेपणीं दिला होता.

इतिहासाचार्य राजवाडे यांचें उदाहरण याच्या उलट आहे. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गोळा करीत हा पुरुष आयुष्यभर गांवोगांव हिंडला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तला. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ धुळ्यांत निघालें तें त्यांच्या पश्चात्, १९२७ सालीं. त्यांचा धातुकोशही मरणोत्तर, १९३७ सालीं, या मंडळानें छापला. मंडळानें कागद जपले, हा मोठाच उपकार होय. परंतु गेलेल्यांचें दप्तर जपणाऱ्या गांवांनीं हयात लेखकासही एक खोली, दोन वेळचें जेवण आणि चार जाणते श्रोते द्यावे. त्यास फार धन लागत नाहीं. वेळीं सुचावें मात्र लागतें.