महाड, २० मार्च १९२७

तीन वर्षे आधी. सीताराम केशव बोले यांचा मुंबई कायदेमंडळातला १९२३ चा ठराव मान्य करून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. नुसते कागदावर.

१९ मार्च. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तळे गावातच, तरी मांडवासाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले.

२० मार्च, सकाळ. परिषद उरकत आली तेव्हा अनंतराव चित्र्यांनी सुचवले की आत्ताच तळ्यावर जाऊ. चौघाचौघांच्या रांगा निघाल्या. डॉ. आंबेडकर ओंजळभर पाणी प्याले, मागोमाग बाकीचे. असाच नाकारलेला हक्क बजावायला अमेरिकेत ग्रीन्सबरोला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले ते १९६० साली.

दोनेक तासांनी. अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसे काहीच ठरलेले नव्हते. पण पाण्याचा हक्क नगरपालिकेनेच दिलेला, म्हणून माणसे भडकवायला देवच पुढे करावा लागला, असे मला ठामपणे वाटते.

दुपार. बरेच लोक परतीच्या वाटेला लागले होते, काही मांडवात जेवत होते. सवर्णांचा जमाव लाठ्या घेऊन आत घुसला. अन्न मातीत कालवले गेले. बायकामुलांनाही मार बसला. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

चारच्या सुमारास. अधिकारी डाकबंगल्यावर आले आणि आपली माणसे आवरा म्हणाले. तुम्ही त्यांना आवरा, माझ्यांना मी आवरतो, असे आंबेडकरांनी सांगितले. त्यांच्या माणसांत पलटणीतून निवृत्त झालेले महार सैनिक होते. लढाई पाहिलेली, जखमी भाऊबंद डोळ्यांसमोर, आणि हवा होता एकच शब्द. तो आंबेडकरांनी दिला नाही, आणि त्या सैनिकांनी हात आवरले. मार खाऊन हात आवरणे हे त्या दिवसाचे सर्वांत अवघड काम होते, आणि त्याचे श्रेय त्या बिननावाच्या माणसांना पुरेसे मिळालेले नाही.

त्यानंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

शेंदूरजनाघाटच्या वाचकाला महाड दूरचे वाटेल. पण त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला वऱ्हाडातले अस्पृश्य अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात जमले. अध्यक्ष आंबेडकरच होते, प्रश्न अंबादेवीच्या दाराचा होता. चवदार तळ्यावरून पुढे चाललेल्या खटल्याचा उच्च न्यायालयातला निकाल मात्र १७ मार्च १९३७ ला लागला, अस्पृश्यांच्या बाजूने.