न केले तरी चालेल

लॉरेन्स वीनर या अमेरिकन कलावंताची एक गोष्ट पुस्तकापुस्तकांतून सांगितली जाते. १९६८ साली व्हरमाँट राज्यातल्या पटनी गावी, विंडहॅम कॉलेजच्या आवारात त्याने खुंट्या ठोकल्या, खुंटीपासून खुंटीपर्यंत सुतळी ताणून चौकटींची जाळी केली आणि त्या मोठ्या आयतातून एक लहान आयत वगळला. विद्यार्थ्यांना ती सुतळी जाता-येता आडवी येऊ लागली. त्यांनी ती कापून टाकली. वीनरने हे पाहिले आणि त्याच्या ध्यानात आले, की सुतळी गेली तरी काम गेलेले नाही. ज्या वाक्यात ते सांगता येते, त्या वाक्यात ते शाबूत आहे.

गोष्ट इथे संपते आणि सिद्धान्त सुरू होतो. त्या दिवसापासून वीनरने वस्तू सोडली आणि भाषा धरली, असे म्हणतात. त्याची कला म्हणजे नुसती वाक्ये, आणि वाक्याला पुस्तक पुरते. मग पुढची पन्नास वर्षे तो गॅलऱ्यांच्या आणि संग्रहालयांच्या भिंती अक्षरांनी का भरत राहिला? यावर ठरलेले उत्तर असे, की बाजाराने त्याला ओढून नेले. थोडक्यात, १९६८ चा संन्यासी पुढे मठ बांधून बसला.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ल्युसी लिपार्ड आणि जॉन चँडलर या समीक्षकांनी कलेतून वस्तू विरघळत चालल्याचे निदान करणारा गाजलेला लेख प्रसिद्ध केला होता. वीनरचा तेव्हाचा सूत्रधार सेथ सीगेलॉब तर कॅटलॉग हेच प्रदर्शन होऊ शकते, असे उघड म्हणत असे. वर्षअखेरीस त्याने वीनरचे ‘स्टेटमेंट्स’ हे छोटेखानी पुस्तक काढले. त्यात एकही चित्र नव्हते, होती ती चोवीस कामे, सगळी शब्दांत. किंमत एक डॉलर पंचाण्णव सेंट. एवढा पुरावा समोर असताना वीनरच्या प्रदर्शनांना कुणी शोभेची बाब म्हटले, तर त्याला एकदम वेड्यात काढता येत नाही.

तरीही हे मत मला चुकीचे वाटते, आणि त्याची चूक आधी तारखांतच सापडते.

पटनीची सुतळी कापली गेल्यानंतर वीनर काय करत होता, ते पाहा. १९६९ च्या जानेवारीत सीगेलॉबने न्यूयॉर्कमध्ये ईस्ट बावन्नाव्या रस्त्यावर कार्यालयाची एक रिकामी जागा घेऊन बॅरी, ह्यूब्लर, कोसुथ आणि वीनर या चौघा कलावंतांचे प्रदर्शन भरवले. तिथे वीनरचे एक काम जमिनीवर होते. गालिच्यावर ब्लीच ओतलेले, आणि रंग उडू दिलेला. मार्चमध्ये बर्नच्या कुन्स्टहालेत हाराल्ड झेमानने भरवलेले गाजलेले प्रदर्शन लागले. त्यात जिन्याजवळच्या भिंतीवरचा छत्तीस इंच लांब, छत्तीस इंच रुंद गिलावा खरवडून काढलेला होता. ते काम करतानाचे वीनरचे छायाचित्र आजही सर्वत्र छापले जाते. वस्तू सोडलेला माणूस बर्नच्या भिंतीशी गिलावा कशाला खरवडत बसेल? मूर्तिकार दगडातून नको तेवढे काढतो. वीनरने भिंतीतून काढले, एवढाच फरक. तो स्वतःला शेवटपर्यंत शिल्पकारच म्हणवत राहिला. कामाचे माध्यम विचारले तर भाषा, आणि ती ज्या पदार्थांविषयी बोलते ते पदार्थ, अशी जोडी सांगत असे. पूर्वपक्ष या जोडीतला पहिला शब्द उचलतो आणि दुसरा खाली ठेवतो.

पटनीच्या आधीचा काळही या गोष्टीला दुजोरा देत नाही. १९६० साली, जेमतेम अठराव्या वर्षी, त्याने कॅलिफोर्नियात मिल व्हॅलीला सुरुंग लावून जमिनीत खड्डे पाडले होते. पुढे त्याने कॅनव्हासच्या एका कोपऱ्यातून आयताकृती तुकडा कापलेली चित्रे केली. त्या चित्रांचा आकार काय असावा, रंग कोणता असावा, याचा निर्णय त्याने घेणाऱ्यावर सोपवला होता. म्हणजे घेणारा माणूस आधीपासूनच त्याच्या कामाचा भाग होता. विद्यार्थ्यांच्या कात्रीची त्यासाठी वाट पाहावी लागली नाही. कलेच्या इतिहासाला साक्षात्काराच्या कथा फार प्रिय आहेत, वाल्याचा वाल्मीकी एका रात्रीत झाला की सांगणाऱ्याला सोपे जाते. वीनरचा प्रवास असा एका रात्रीत वळलेला दिसत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १९६९ च्या त्या जानेवारीतल्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगात वीनरने आपली भूमिका मांडली, आणि पुढे ती जन्मभर बदलली नाही. काम कलावंताने स्वतः केले, दुसऱ्याकडून करवून घेतले किंवा ते प्रत्यक्षात केलेच नाही, तरी चालेल. तिन्ही गोष्टी सारख्याच, आणि कामाची अवस्था कोणती, हे ते स्वीकारणारा स्वीकारतेवेळी ठरवील, असा तिचा आशय आहे. पूर्वपक्षाने यातले तिसरे कलम तेवढे पाठ केले आणि पहिली दोन गाळली. शिवाय तिसऱ्याचाही अर्थ बदलला. ‘न केले तरी चालेल’ आणि ‘करू नये’ यांत किती अंतर आहे, हे मराठीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. आईने ‘आज देवाला गेला नाहीस तरी चालेल’ म्हटले, तर ते देवळात जायला मनाई केल्यासारखे होत नाही.

आपल्या मीमांसकांनी ही गाठ फार पूर्वी सोडवून ठेवली आहे. अतिरात्र यागात षोडशी नावाचे सोमपात्र घ्यावे, असे एक वचन आहे. ते घेऊ नये, असेही दुसरे वचन आहे. दोन्ही वेदवचने, दोन्ही तितकीच प्रमाण. मग करायचे काय? मीमांसकांचे उत्तर असे, की इथे निषेध मानायचा नाही, विकल्प मानायचा. पात्र घेतले तरी याग पुरा, नाही घेतले तरी पुरा. वीनरची तीन कलमे म्हणजे नेमका हा विकल्प आहे, आणि कलेच्या इतिहासकारांनी तो निषेध म्हणून वाचला. फरक इतकाच, की यागात विकल्प यजमानाच्या हाती असतो आणि इथे तो काम स्वीकारणाऱ्याच्या हाती दिला आहे. विकल्प असेल तर तो कुठेतरी, कधीतरी, कुणीतरी निवडायला हवा. तो निवडण्याचा प्रसंग म्हणजेच प्रदर्शन. पुस्तकात वाचणे हाही तसाच एक प्रसंग. तो मूळ आणि भिंतीवरचा त्याची नक्कल, असा मान-अपमान वीनरच्या कलमांत कुठेही नाही.

याला जोडून आणखी एक गैरसमज आहे. वीनरची वाक्ये सूचना असतात, असे सर्रास लिहिले जाते. योको ओनोच्या १९६४ च्या पुस्तकात खरोखर सूचना आहेत. अमुक करा, तमुक कल्पा. सोल लेविटची भित्तिरेखाटने तर कारागिराने हातात कागद घेऊन पुरी करायची असतात. मीमांसेच्या भाषेत ते विधी आहेत, काहीतरी साध्य करून घ्यायचे आहे. वीनरच्या वाक्यात आज्ञार्थ नसतो. गालिच्यावरचे ब्लीच ‘ओतलेले’ असते. ‘ओता’ असे तो कुणाला सांगत नाही. गिलावा ‘काढलेला’ असतो. कर्मणी धातुसाधित वापरून तो गोष्ट सिद्ध म्हणून पुढे ठेवतो. ती कुणी केली, केव्हा केली, याचा पत्ता नाही. वेदान्त्यांनी मीमांसकांशी याच मुद्द्यावर वाद घातला होता: प्रत्येक वाक्य ‘काही कर’ असेच सांगते का, की असलेली वस्तू नुसती दाखवणारे वाक्यही प्रमाण होऊ शकते? वीनर या वादात बिनदिक्कत वेदान्त्यांच्या बाजूला बसतो. हे त्याला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नाही.

कर्ता नाही, काळ नाही, ठिकाण नाही, असे वाक्य पुस्तकाच्या पानावर स्वस्थ पडून राहू शकते, पण त्याला ठिकाण मिळाले की ते बोलू लागते. म्हणून वीनरच्या प्रदर्शनांची यादी वाचताना मला नामावळीपेक्षा जागा महत्त्वाच्या वाटतात. न्यूयॉर्कमध्ये कॅस्टेली गॅलरी, ड्यूसेलडॉर्फला कोनराड फिशर, १९७२ पासून जर्मनीतल्या कासेलचा डॉक्युमेंटा हा कलामेळा, २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातले मोठे सिंहावलोकन, हे सगळे आहेच. पण १९८२ च्या डॉक्युमेंटात त्याने फ्रिडेरित्सियानुम या मुख्य इमारतीच्या दर्शनी भागावर जे वाक्य लावले, त्याचा आशय पाहा: रंगीबेरंगी वस्तू शेजारी शेजारी मांडून झालेली रंगीबेरंगी वस्तूंची रांग. हे वाक्य काही वर्षे जुने होते. पुस्तकात ते वाचले तर पुनरुक्तीची गंमत वाटावी इतपतच. जगभरची कला आत शेजारी शेजारी मांडलेल्या इमारतीच्या कपाळावर तेच वाक्य आले आणि त्याची सरळ चपराक झाली. शब्द बदलला नाही, जागा बदलली. २००० साली त्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एकोणीस मॅनहोलच्या लोखंडी झाकणांवर एक वाक्य ओतवून घेतले. एकाच्या रेषेत दुसरा आणि त्यापुढचा, असा त्याचा अर्थ. चौकटीत आखलेल्या त्या शहरात हे वाक्य पायांनी वाचायचे असते.

बाजाराचा आक्षेप मला त्या मानाने हलका वाटतो. सीगेलॉब आणि त्याचे सोबती बाजारापासून पळालेच नव्हते. एक डॉलर पंचाण्णवचे पुस्तकही विकायलाच ठेवले होते. १९७१ मध्ये सीगेलॉबने बॉब प्रोजान्स्की या वकिलाच्या मदतीने कलाकृतीच्या विक्रीचा करारनामा तयार केला, ज्यात पुनर्विक्रीच्या नफ्यातही कलावंताचा वाटा राखलेला होता. हा विरक्तांचा उद्योग नव्हे, हिशेब चोख ठेवणाऱ्यांचा आहे. शिवाय वीनरने आपली काही कामे सार्वजनिक मालकीची म्हणून राखून ठेवली. ती कुणालाच विकत घेता येत नाहीत. जो विकतो आणि काय विकायचे नाही हेही ठरवतो, त्याला बाजाराने गिळले असे म्हणता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी विरोधकांना देतो. उत्तरायुष्यात वीनरच्या अक्षरांना एक ठसठशीत चेहरा आला. मार्गारेट सीवर्दी गॉथिक नावाचा स्वतःचा अक्षरसाचाच त्याने घडवला होता. त्यानंतर रस्त्यापलीकडून पाहूनही हे वीनरचे आहे, हे ओळखू येऊ लागले. जे वाक्य कुणाचेही व्हावे म्हणून कर्त्याविना रचले, त्याच्या अक्षरांनीच कर्त्याची सही करावी, ही खोट आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लेनम राजवाड्यात त्याचे प्रदर्शन झाले. मी त्याची छायाचित्रेच पाहिली आहेत, पण त्या थाटामाटात वाक्ये पाहुण्यांसारखी अवघडून बसल्यासारखी दिसतात. तिथे माझे मंडन लंगडे पडते. पण ही खोट प्रदर्शन करण्याची नाही, जागा निवडण्याची आहे. आणि जागा चुकू शकते, याचाच अर्थ जागेला किंमत आहे.

ती किंमत किती, हे व्हिएन्नात दिसले होते. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने विमानविरोधी बंदोबस्तासाठी त्या शहरात काँक्रीटचे सहा अवाढव्य बुरूज उभारले. त्यांपैकी एस्टरहाझी बागेतल्या बुरुजाच्या माथ्यावर १९९१ मध्ये वीनरने इंग्रजी आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत एक वाक्य रंगवले. ठिकऱ्या ठिकऱ्या झालेले काही, आणि कंसात रात्रीची शांतता. बॉम्ब पडण्याच्या रात्री आणि १९३८ मधली ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडल्याची रात्र, दोन्ही त्या वाक्यात आपसूक येऊन बसत. मौज अशी, की इंग्रजीतली शांतता ही नीरवता आहे आणि जर्मनमध्ये तिथे युद्ध नसण्याची शांतता आली आहे. मराठीत दोन्हींना आपण ‘शांतता’च म्हणतो, आपल्याला हे वाक्य करायचे तर एक अर्थ निवडावा तरी लागेल किंवा दोन्ही एकाच शब्दात कोंबावे लागतील. काय ठिकऱ्या झाले, याचे लिंगही ठरवावे लागेल: झालेला, झालेली की झालेले. स्वीकारणारा ठरवील, असे वीनर म्हणत होता. भाषांतर करणारा प्रत्येक जण ते आधीच करत असतो.

बुरुजात आज मत्स्यालय आहे. त्याच्या विस्तारासाठी २०१९ मध्ये ते वाक्य रंगाखाली गेले. वीनर २ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला. पूर्वपक्ष खरा मानला, तर पुस्तकात ते वाक्य शाबूत असल्यामुळे व्हिएन्नाचे काहीच गेले नाही, असे म्हणावे लागेल. तसे म्हणणाऱ्याने एकदा बुरुजावरच्या त्या वाक्याचे जुने छायाचित्र समोर ठेवावे, आणि मग म्हणावे.