ओवेन सबमशीनगन : रचनेचे वेगळेपण आणि श्रेयाचा प्रश्न

प्रस्तावना

शस्त्र हे केवळ युद्धाचे साधन नसते. ज्या समाजात ते घडते तेथील उद्योग, शासनयंत्रणा आणि भूगोल यांचा ठसाही त्यावर उमटलेला असतो. या दृष्टीने दुसऱ्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियाची ओवेन सबमशीनगन अभ्यसनीय ठरते. एका तरुणाची प्रतिभा आणि लष्कराची अदूरदृष्टी, अशा स्वरूपात तिची कथा बहुधा सांगितली जाते. ही मांडणी कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

वुलनगाँग येथील एव्हलिन ओवेन (१९१५-१९४९) याने १९३९ मध्ये आपला नमुना सिडनीतील लष्करी अधिकाऱ्यांना दाखविला. ०.२२ इंची काडतुसे वापरणारी ती बंदूक लष्कराने नाकारली. पुढे ओवेन सैन्यात भरती झाला. १९४० मध्ये त्याचे शेजारी आणि पोर्ट केंब्ला येथील लायसॅट कारखान्याचे व्यवस्थापक व्हिन्सेंट वॉर्डेल यांना साखरेच्या पोत्यात ठेवलेला हा नमुना आढळला. दरम्यान परिस्थिती पालटली होती. डंकर्कच्या माघारीनंतर स्वतःच शस्त्रटंचाईत सापडलेल्या ब्रिटनवर विसंबून राहणे ऑस्ट्रेलियाला शक्य नव्हते.

मूळ नमुन्यात रिव्हॉल्व्हरप्रमाणे फिरणारे काडतुसांचे चक्र होते आणि चाप अंगठ्याने दाबावा लागे. अंतिम बंदुकीत यांपैकी काहीच उरले नाही. वॉर्डेल बंधू व फ्रेडी कुन्झलर यांनी ओवेनसह कारखान्यात निरनिराळी काडतुसे वापरून नमुने तयार केले आणि अखेरीस ९ मिलिमीटरचे काडतूस स्वीकारले गेले.

रचनेची वैशिष्ट्ये

मॅगझिन वरून बसविल्यामुळे काडतुसे खाली सरकण्यास गुरुत्वाकर्षणाचे साहाय्य मिळे, तसेच जमिनीवर पालथे पडून गोळीबार करताना मॅगझिनचा अडथळा होत नसे. रिकामे काडतूस खालच्या बाजूने बाहेर पडे. त्याच वाटेने आत शिरलेली मातीही गळून जाई. बोल्ट व त्याचा खटका यांच्या दरम्यान एक आडभिंत होती. खटक्याच्या फटीतून शिरलेली घाण त्यामुळे बोल्टपर्यंत पोहोचत नसे. या आडभिंतीमुळे बोल्ट मागून काढता येत नसल्याने नळी चटकन सुटेल अशी योजना करावी लागली, आणि बोल्ट पुढून निघू लागला. अशा प्रकारे एका निर्णयातून दुसरा उद्भवला. मॅगझिन दृष्टीच्या आड येत असल्याने नेम धरण्याची साधने उजवीकडे सरकवावी लागली. शिवाय रिकाम्या बंदुकीचेच वजन ४ किलोग्रॅमहून अधिक होते. हे दोष नाकारता येत नाहीत.

चाचणी व वापर

सप्टेंबर १९४१ मध्ये थॉम्पसन व स्टेन या बंदुकांसह ओवेनची तुलनात्मक चाचणी झाली. चिखल व वाळूच्या कसोटीत इतर बंदुका अडल्या, ओवेन चालत राहिली. न्यू गिनीच्या दमट, चिखलमय जंगलात याच गुणाची गरज होती. युद्धकाळात सुमारे ४५,००० ओवेन तयार झाल्या. त्याच काळात स्टेनच्या आधारे बनविलेली ऑस्टेन ही बंदूकही ऑस्ट्रेलियात तयार होत होती. परंतु सैनिकांची पसंती ओवेनलाच राहिली. पुढे कोरियातही ती वापरली गेली.

निष्कर्ष

१९३९ चा नमुना नाकारणे ही निव्वळ अदूरदृष्टी होती, असे म्हणता येत नाही. तो नमुना त्या स्वरूपात रणांगणाच्या उपयोगाचा नव्हता. लष्कराची खरी चूक त्यामागील कल्पनेचा विकास न करण्यात होती. ती उणीव एका कारखान्याने भरून काढली. बंदुकीला एकट्या ओवेनचे नाव मिळाले आणि कारखान्यातील सहकाऱ्यांचे श्रेय मागे पडले. कल्पनेचे श्रेय ओवेनचे, पण चिखलात टिकणारी बंदूक ही सामूहिक श्रमांची निर्मिती होय. १९६० च्या दशकात तिची जागा घेणाऱ्या एफ-१ बंदुकीतही मॅगझिन वरच्या बाजूसच ठेवले गेले. विचित्र भासणाऱ्या या रचनेच्या उपयुक्ततेचा हा पुरावा मानावा लागेल.