पुनःप्रक्षेपणाच्या यादीत नसलेल्या लढती

१) एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मैदाने ओस पडली, तेव्हा दूरदर्शनच्या क्रीडा वाहिनीने २००० च्या दशकातील गाजलेले क्रिकेट सामने पुन्हा दाखवले. २००१ च्या कोलकाता कसोटीतील लक्ष्मणच्या २८१ धावा त्या सामन्यानंतर जन्मलेल्या पिढीनेही पाहिल्या. या निमित्ताने इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पडायला हवा असा एक प्रश्न : ‘अभिजात’ सामना कोणता, हे ठरवते कोण? खेळाडू, प्रेक्षक, की सांभाळून ठेवलेली चित्रफीत?

२) जुने सामने पुन्हा दाखवण्याची कल्पना अमेरिकेत चांगलीच रुजली. १९९५ मध्ये केवळ जुन्या सामन्यांसाठी एक स्वतंत्र वाहिनी तेथे निघाली. पुढे ती ‘ईएसपीएन क्लासिक’ झाली आणि २०२१ च्या अखेरीस बंद पडली. व्यावसायिक बास्केटबॉलच्या एनबीए या संघटनेच्या वाहिनीवर ‘हार्डवुड क्लासिक्स’ ही मालिका जुन्या लढती दाखवत आली आहे. हार्डवुड म्हणजे बास्केटबॉलच्या मैदानाची लाकडी फरसबंदी.

३) मात्र त्याच खेळातील सर्वांत विलक्षण विक्रम अशा कोणत्याही मालिकेत दाखवता येत नाही. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावात विल्ट चेंबरलेनने एकट्याने १०० गुण मिळवले. प्रेक्षक होते अवघे ४,१२४. सामन्याचे चित्रण उपलब्ध नाही. त्या रात्री रेडिओने अखेरच्या सत्राचे समालोचन पुन्हा ऐकवले आणि एका विद्यार्थ्याने ते आपल्या टेपवर उतरवून घेतले. आज तो आवाज ऐकू येतो, त्याचे श्रेय पुनःप्रक्षेपणाला आणि एका जागरूक श्रोत्याला जाते.

४) आता त्याच वर्षात, पण आपल्या मुलखात येऊ. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानच्या मारुती माने यांनी कुस्तीत एक सुवर्ण आणि एक रौप्य अशी दोन पदके मिळवली. इंडोनेशियाची सरकारी दूरचित्रवाणी सुरू झाली तीच या स्पर्धेच्या उद्घाटनाने. भारतात मात्र त्या वेळी दूरचित्रवाणी केवळ दिल्लीपुरती आणि प्रायोगिक होती. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावे लागले. मारुती मानेंच्या गावाने हा विजय ऐकला, वाचला, पाहिला नाही.

५) त्याच्या दहा वर्षे आधीची गोष्ट सातारा जिल्ह्याची. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. फिनलंडमध्येही तेव्हा दूरचित्रवाणी सुरू झाली नव्हती. पदक घेऊन ते परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाल्याचे सांगतात. ज्यांनी लढत पाहिली नव्हती, त्यांनी ती आपल्या परीने साजरी केली.

६) तेच वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. याच हजारे यांनी १९४८ मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत शतके केली होती. ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणी आली १९५६ मध्ये.

७) तिघांची तुलना केली की एक भेद स्पष्ट होतो. हजारे यांचा ॲडलेडचा डाव पाहता येत नसला तरी धावफलकातून बराचसा उभा करता येतो. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे कपिल देवने केलेल्या नाबाद १७५ धावांचेही चित्रण नाही, तरी तो डाव लोकस्मृतीत अढळ आहे. क्रिकेट आणि बास्केटबॉल हे खेळ आपली नोंद स्वतःच लिहीत जातात. कुस्तीचे तसे नाही. निकालपत्रात वजनगट, प्रतिस्पर्धी आणि जय-पराजय एवढेच उरते. खाशाबा ज्या ढाक डावासाठी ओळखले जात, त्यात त्यांचा पाय नेमका कोठे पडे, हात कोठे अडके, हे कोणताही तक्ता सांगत नाही.

८) आणि ही झाली ऑलिंपिकची कथा. जत्रेतल्या फडात तर निकालपत्रही नसते. कुंडलसारख्या मैदानांवर हलगीच्या ठेक्यावर झालेल्या असंख्य कुस्त्या निवेदकाच्या आवाजात जगल्या आणि त्या आवाजाबरोबरच विरल्या. त्यांची साधने विखुरलेली आहेत : जत्रेची हस्तपत्रके, स्थानिक वृत्तपत्रांची कात्रणे, खांद्यावर गदा घेतलेली छायाचित्रे, यात्रा समितीच्या इनामाच्या वह्या आणि वस्तादांच्या आठवणी.

९) म्हणून पुनःप्रक्षेपणाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे अपुरे आहे. पुन्हा दाखवले जाते ते नव्या पिढीच्या इतिहासात शिरते. जे दाखवता येत नाही ते हळूहळू घडलेच नव्हते असे वाटू लागते. चित्रण नसणे हा कर्तृत्वाच्या अभावाचा पुरावा नव्हे. तो बहुधा कॅमेरा कोठे पोहोचला होता, याचा पुरावा असतो.

१०) आज परिस्थिती उलटली आहे. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाले. मार्च २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी यांनी महिला महाराष्ट्र केसरीची पहिली गदा मिळवली. या लढती हजारो भ्रमणध्वनींत आहेत. पण तारीख, ठिकाण आणि मल्लांची नावे नसलेले चित्रण हे उद्याच्या अभ्यासकासाठी जवळजवळ मुकेच असते. शिवाय खाते बंद पडले, फोन बिघडला, की तेही नाहीसे होते.

११) वाचकहो, आपल्या गावच्या मैदानाचे जुने हस्तपत्रक घरात असेल तर त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्या. एखादे वयोवृद्ध वस्ताद भेटले तर त्यांना एकच कुस्ती सविस्तर सांगायला लावा आणि ती ध्वनिमुद्रित करा. त्यावर तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नका. हर्शीच्या त्या रात्रीचा आवाज कोणा संस्थेने नव्हे, एका विद्यार्थ्याने जपला होता.