बारामती–इंदापूर परिसरातील रेल्वेचा वारसा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत वाफेच्या इंजिनांच्या काळातील रेल्वेच्या काही खुणा आढळतात. त्यांपैकी भीमा नदीवरील डिकसळचा दगडी पूल सर्वांत महत्त्वाचा आहे.

डिकसळचा पूल

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत पोहोचला. पुढे भीमा ओलांडून तो १८५९ मध्ये बार्शी रोडला (आजचे कुर्डुवाडी) आणि १८६० मध्ये सोलापूरला गेला. म्हणजे काही महिने डिकसळ हे एवढेसे गाव दख्खनच्या प्रमुख लोहमार्गाचे शेवटचे स्थानक होते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यामुळे लोहमार्ग हलवावा लागला आणि जुना पूल रस्त्यासाठी वापरात आला. इंदापूर आणि सोलापूर जिल्ह्यातील करमाळा हे तालुके त्याने जोडले गेले. पैलतीरावरील कोंढार चिंचोली व आसपासच्या गावांना भिगवणची बाजारपेठ याच पुलामुळे जवळची झाली. रेल्वेसाठी बांधलेला हा पूल रेल्वे गेल्यावरही कित्येक दशके ऊस आणि माणसे वाहत राहिला, हे त्या बांधकामाचे श्रेय मानावे लागेल. कालांतराने तो जीर्ण झाल्याने जड वाहतुकीवर निर्बंध आले व नव्या पुलाचे काम हाती घेण्यात आले. नवा पूल ही गावांची गरज आहेच. मात्र त्यानंतर जुन्या पुलाचे जतन झाले नाही, तर या मार्गाच्या आरंभकाळाची येथील ठळक खूण नाहीशी होईल.

दौंड–बारामती मार्ग

अडीच फूट रुंदीचा हा नॅरोगेज मार्ग १९१४ मध्ये सुरू झाला.   नीरा डाव्या कालव्यावर पिकलेल्या उसाचा गूळ बाहेर पाठवायचा तर दौंडला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. मार्ग रुंद झाल्यावर ही अडचण संपली. त्याबरोबर छोटी गाडीही गेली. मळद, शिरसाई आणि कटफळ ही स्थानके आजच्या ब्रॉडगेज मार्गावर आहेत.

इंदापूर तालुक्यातच वालचंदनगरच्या साखर कारखान्याची ऊस वाहून आणणारी स्वतःची छोटी रेल्वे होती.

परिसरातील अन्य स्थळे

बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा असून त्यांच्या आश्रयाला राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपले बहुतेक काव्य याच गावी रचले. इंदापुरात शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर उजनीच्या पाण्यात बुडालेले असते. पाणी बरेच ओसरले, तरच ते उन्हाळ्यात उघडे पडते. रोहित पक्षी पाहण्यासाठी मात्र भिगवणला हिवाळ्यात जावे लागते.